कोनाडा : चित्रापासून छापापर्यंतच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

सकाळी सुतारवाड्यात. पंचगंगा फुगायला लागली की कोल्हापुरात सगळ्यात आधी हलवतात ती इथली माणसं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ च्याही वर गेलं. हे आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात.

ज्या भिंतीसाठी मी गणपतीपासून इथे येतेय ती एका मावशींच्या स्वयंपाकघरातली. चुन्यात नीळ कालवून दिलेला रंग, मधोमध कोनाडा, खाली गेरूचा पट्टा. आणि पुराच्या रेषा. मावशी दर दिवाळीला भिंतीला हात मारतात, पण पावसाळा सरला की रेषा पुन्हा वर येते. ओल सुकते तसे क्षार फुलतात आणि चुना तेवढ्याच उंचीवर पापुद्रे सोडतो. एका रेषेशेजारी कुणीतरी खिळ्यानं साल कोरलंय, आता फक्त '२०' वाचता येतं.

तीन रेखाटनं, रंगांची एक पट्टी. परतताना घाटाच्या खालून दोन डबे गाळ घेतला. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी, चारही नद्यांनी मिळून आणून टाकलेला. चित्रातली रेषा विकतच्या रंगानं ओढायची नाही, एवढंच आज ठरलं.

२५ नोव्हेंबर

गाळ धुण्यात तीन दिवस गेले. पद्धत नोंदवून ठेवते, पुढच्या वेळी विसरायला होतं.

आधी उन्हात वाळवून खलात फोडला. काडीकचरा निवडला. मग तव्यावर मंद आचेवर भाजला, कारण त्यातलं सेंद्रिय तसंच राहिलं तर बाइंडरमध्ये (रंग बांधून ठेवणाऱ्या चिकट द्रवात) बुरशी धरते. (घरभर असा वास सुटला की शेजारच्या वहिनी काय करपलं ते विचारायला आल्या.) मग बादलीत ढवळून एक मिनिट थांबायचं. रेती तळाशी बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. नितळ पाणी काढून टाकलं की तळाशी लोण्यासारखा थर उरतो. तो वाळवला.

ओला असताना जवळजवळ काळा. वाळल्यावर राखाडी, त्यात किंचित तपकिरी. ॲक्रिलिक बाइंडरमध्ये घोटल्यावर पुन्हा खोल गेला, पण ओल्याइतका नाही. दोन डब्यांतून हाती आला जेमतेम एक वाटी.

८ डिसेंबर

कॅनव्हास ३६ बाय ४८ इंच. आज अकरावा थर.

मी रंग चढवते कमी, उतरवते जास्त. पांढरा, त्यावर निळा, त्यावर पांढरा, मग ओल्या फडक्यानं आणि पाण्याच्या पॉलिशपेपरनं घासायचं. भिंत तशीच झालेली असते ना, माणसानं लावायचं आणि पाण्यानं काढायचं. निळ्यासाठी अल्ट्रामरीन. कपड्यांची जुनी नीळ म्हणजे हेच रंगद्रव्य, फक्त पुडीत मिळायचं. ते चुन्यात टिकतं हे आपल्या आज्ज्यांना कुठल्या कंपनीच्या तक्त्याशिवाय माहीत होतं.

रेषा आज ओढली. कॅनव्हासच्या खालच्या तिसऱ्या भागात, कोनाड्याच्या बऱ्याच खाली. तिथे ती शांत बसते. कोनाडा वर मोकळा राहतो, डोळ्याला श्वास घ्यायला जागा.

२२ डिसेंबर

चित्र थांबवलं. संपलं म्हणवत नाही. पण काल दिवसभर समोर बसले आणि करावंसं वाटलं ते सगळं बिघडवणारंच होतं, म्हणून थांबवलं.

आता छाप. हे चित्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात जाईल आणि मला परत दिसणार नाही. त्याआधी त्याची छोटी आवृत्ती काढायची आहे.

पहिला प्रयत्न सोपा होता. उत्तम फोटो काढून घेतला, सुती कागदावर पिगमेंट शाईचा डिजिटल छाप मागवला. याला जिक्ले म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या एका छपाईकारानं इंकजेटला भारदस्त नाव हवं म्हणून 'फवारणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द घडवला. नाव बाजूला ठेवलं तरी तंत्र वाईट नाही. माझ्या जलरंगांचे छाप मी असेच काढलेत आणि पुढेही काढीन.

पण इथे जमलं नाही. निळा जांभळ्याकडे झुकला. तो छपाईचं रंगांचं प्रोफाइल दोन वेळा बदलून ताळ्यावर आणला. गाळाचं मात्र काही करता येईना. चित्रात तो कॅनव्हासवर *बसलेला* आहे, बोट फिरवलं तर खरखर लागते. छापात तो गाळाचा फोटो होता. सगळं दिसत होतं, हाताला काहीच लागत नव्हतं. तिन्ही नमुने कपाटात ठेवले.

३ जानेवारी २०२५

पौष लागला. पौषात लग्नं नाहीत, म्हणजे पत्रिका नाहीत, म्हणजे शिवाजी पेठेतले मामा रिकामे. मामांनी आयुष्यभर स्क्रीन प्रिंटिंग केलं, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून रंग दाबून छापणं. लग्नपत्रिका, स्टिकर, तालमीच्या मंडळांचे टी-शर्ट, दुधाच्या कॅनवरची नावं. पत्रिकांचं बरंच काम आता डिजिटलकडे गेलंय. तरी सोनेरी अक्षरांना बोटाखाली उठाव हवा असला की लोक यांच्याकडेच येतात.

चित्राचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "ताई, ही भिंत हाय की."

"होय मामा."

"मग सोपं हाय. भिंतीला कुठं रजिस्ट्रेशन असतंय!"

(रजिस्ट्रेशन म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका जागेवर बसवणं. हे वाक्य मे महिन्यात मी त्यांना ऐकवणार आहे.)

१० जानेवारी

फोटोवरून रंग वेगळे काढायचे नाहीत. प्रत्येक रंगाची पॉझिटिव्ह मी स्वतः पारदर्शक फिल्मवर अपारदर्शक काळ्या शाईनं रंगवणार. जिथे काळं, तिथे जाळी उघडी राहणार आणि तिथून रंग उतरणार. म्हणजे सबंध चित्र पुन्हा काळ्यात विचार करून काढायचं. कागदावर निळा कुठे येईल हे काळ्या ठिपक्यांत बघायचं. पहिले दोन दिवस डोकं धरलं. तिसऱ्या दिवशी हाताला कळलं.

नऊ रंग वाटले होते, सातवर आले. फिका चुना, निळा, निळ्याचा घासलेला भाग, गेरू, थंड राखाडी, कोनाड्याचा अंधार आणि शेवटी गाळ. मामांच्या टेबलावर अर्ध्या शीटपेक्षा मोठं बसत नाही, म्हणून कागद १५ बाय २२ इंच, छाप १२ बाय १७. चित्राच्या मानानं टीचभर. मोठ्यातले बारकावे यात कोंबले तर भिंतीची चिंधी होईल, म्हणून बरंच गाळलं. (कोटी मुद्दाम केलेली नाही.)

१९ जानेवारी

गाळ अडला.

मामांची नेहमीची जाळी १२०टी, म्हणजे सेंटिमीटरला १२० धागे. दोन धाग्यांमधलं भोक साधारण ५० मायक्रॉनचं. कण भोकाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठा नको असा ठोकताळा. म्हणजे सोळा-सतरा मायक्रॉन. एका मिनिटाच्या निवळीतून आलेल्या माझ्या गाळात चाळीस मायक्रॉनपर्यंतचे कण असणारच. दोन छाप निघाले, तिसऱ्याला जाळी चोंदली. पाण्यानं धुऊनही कण सुटेनात. मामांनी फ्रेम उजेडासमोर धरली, भोकंच दिसेनात.

"ह्यो रंग न्हवं, शिमिट हाय."

दोन रस्ते होते. पहिला, गाळ आणखी बारीक करणं. दहा सेंटिमीटर खोल भांड्यात एक मिनिटाऐवजी पाच मिनिटं थांबलं तर वर तरंगत राहतो तो वीस मायक्रॉनच्या आतला. तो करून पाहिला. जाळीतून लोण्यासारखा उतरला आणि कागदावर मेलेला दिसला. चमक नाही, खरखर नाही, नुसता मातकट पोस्टर कलर. गाळाचं गाळपण जाड कणांतच असतं असं दिसतंय.

दुसरा रस्ता, जाळी बदलणं. टी-शर्टसाठी वापरतात ती ४३टी. तिची भोकं जवळजवळ तिप्पट. बारीक रेघ तिच्यातून येत नाही, कड दातेरी होते. पण पुराच्या रेषेची कड असतेच दातेरी.

२६ जानेवारी

४३टीवर गाळ चालला. पारदर्शक बेसमध्ये कालवला, दर ओढीला चमच्यानं ढवळायचा, नाहीतर तळाशी बसतो. स्क्वीजी, म्हणजे जाळीवरून रंग ओढायची रबरी पट्टी, मी धरायची असं ठरलं. मामांचा हात सफाईदार आहे, दहाच्या दहा ओढी सारख्या येतात. इथे सफाई नको होती. "मग शिकिवलं कशाला इतकी वर्सं," म्हणत त्यांनी स्क्वीजी हातात दिली.

९ फेब्रुवारी, रविवार

नमुना घेऊन सुतारवाड्यात गेले. मावशींना दाखवायचा होता, शाबासकी घ्यायची होती हे खरं कारण.

त्यांनी पदराला हात पुसले आणि कागद कडेनं धरला. निळ्याकडे बघून हसल्या. मग म्हणाल्या, "आमचीच हाय. पर पाणी कुठलं काढलंईस?"

मी रेषा दाखवली.

"एवढ्या पाण्यानं कोण घर सोडतंय? एवढ्यात आम्ही चूल कट्ट्यावर चढीवतो आणि भाकरी थापतो. कोनाड्यात पाणी शिरलं तवा उठलो आम्ही." आणि भिंतीपाशी जाऊन त्यांनी हात लावून दाखवला. कोनाड्याच्या कमानीच्याही वर चार बोटं. तिथे रेषा होती. मी तिचं रेखाटनही केलेलं होतं. माझ्याच वहीत आहे, नोव्हेंबरच्या पानावर. चित्रात मात्र मी डोळ्याला बरं वाटावं म्हणून खालची रेषा उचलली.

चहा घेतला. फार बोलले नाही.

११ फेब्रुवारी

सातवी फिल्म पुन्हा केली. रेषा कमानीच्या वर. त्यामुळे कोनाडा पाण्याखाली गेला, म्हणून सहावी फिल्मही बदलली. आत आता नुसता अंधार ठेवून भागत नाही, बुडालेल्या जागेचा एक मातट पडदा लागतो. निळा वरच्या पट्टीपुरता उरला. मांडणी माझ्या सवयीप्रमाणे पाहिली तर वाईट आहे. वर जड, खाली कोंदट, श्वास घ्यायला जागा नाही.

छाप भिंतीला लावून रात्री उशिरापर्यंत पाहिला. हाच.

कॅनव्हासवरची रेषा हलवायची का? नाही. ते चित्र तेव्हा मला जेवढं कळलं तेवढं आहे. पण आता छाप त्याची प्रत राहिलेला नाही, म्हणून नाव वेगळं देते. कोनाडा.

१६ फेब्रुवारी

मंजुरीचा नमुना झाला. मागे पेन्सिलनं 'छापायला हरकत नाही' लिहून सही केली आणि मामांच्या टेबलासमोर खिळ्याला टांगला. इथून पुढे प्रत्येक छाप याच्याशी ताडायचा. कागद ३०० ग्रॅमचा, संपूर्ण सुती, आम्लविरहित. हातकागदाची फार इच्छा होती, पण त्याची कड चारही बाजूंनी फाटकी. टेबलावरच्या तीन अडण्यांना टेकवायला दोन सरळ बाजू लागतात, आणि हातकागदाची कड कापणं जिवावर येतं.

९ मार्च

किती छापायचे?

आवृत्ती मर्यादित ठेवण्यामागे एके काळी धातूचं कारण होतं. ड्रायपॉइंटमध्ये तांब्याचा पत्रा सुईनं ओरखडला की रेघेच्या कडेला धातूची कुसळं उभी राहतात आणि शाई तीच धरतात. दाबाखाली ती मोडत जातात. काही डझन छापांतच रेघ अशक्त होते. तिथे आकडा पत्रा सांगतो. स्क्रीनचं तसं नाही. मामांच्या एका फ्रेमवर हजारानं पत्रिका निघतात. मी चाळीस म्हटलं तर तो आकडा कुठल्याही यंत्राचा नाही, माझ्या शब्दाचा आहे.

आणि शब्द कशासाठी द्यायचा, हाही प्रश्न आहेच. १८९४ साली राजा रविवर्म्यानं मुंबईत गिरगावात छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणले, रंगागणिक वेगळा दगड वापरला. आकड्याची मर्यादा घातली असती तर आमच्या आज्जीच्या देवघरात त्याची लक्ष्मी आली नसती. मला तो मोठा वाटतो तो त्याच्या तैलचित्रांहूनही या कारणासाठी. तिकडे देव घरोघरी पोचवायचे होते. माझ्याकडे मात्र एक वाटी गाळ आहे, हातानं ओढायची रेषा आहे आणि मामांचे मोकळे रविवार.

४० धरले. शिवाय चित्रकाराचे चार, छपाईकाराचे दोन. वाया जाणारे धरून ६० कागद कापले. नऊ जणांनी आधीच विचारलंय. त्यातल्या एका गृहस्थांना १ नंबरचाच हवा आहे. नंबर छपाईच्या क्रमानं पडत नसतो, पहिला काही जास्त ताजा नसतो, हे फोनवर दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा 'बघू' म्हटलं. किंमत सगळ्यांची सारखी, साडेसहा हजार.

६ एप्रिल

पहिले दोन रंग झाले. चार कागद गेले. दोनांवर माझा अंगठा, एकावर शाईचा थेंब, एक पंख्यानं उडून ओल्यावर पडला.

२० एप्रिल

उकाडा. पाण्यावरची शाई जाळीतच वाळते. मामांच्या नेहमीच्या सॉल्व्हंटच्या शाईला हा त्रास नाही, पण ती कागदावर प्लॅस्टिकसारखी बसते. शाईत थोडं ग्लिसरीन घातलं, दुपार टाळून पहाटे पाचला सुरुवात केली, दोन ओढींमध्ये जाळी रंगानं झाकलेली ठेवली. तरी गेरूच्या वेळी सहा गेले. पाचवा रंग साडेआठला संपला. पन्नास उरले.

मग पत्रिकांचा हंगाम. मामा नाहीत.

२१ मे, बुधवार

मृगाच्या आधी सगळं उरकायचं होतं. मृग जूनमध्ये लागतो. पाऊस यंदा वळवाचं नाव सांगून आला तो जायचं नावच घेत नाही. मे महिन्यात रस्त्यांवरून असं पाणी वाहताना मी पाहिलेलं नाही.

आज सहावा रंग. सुरुवातीचे बरोबर बसले म्हणून दोघंही गाफील राहिलो. रांगेतून उचलून मामा देत होते, मी वाळत घालत होते. मग एका कागदावर कोनाड्याची कड दुहेरी दिसली. मागचे पाहिले तर बारा कागदांवर अंधार दीड मिलिमीटर सरकलेला. खिडकीजवळच्या कप्प्यातले कागद होते ते. सुती कागद हवेतली ओल पितो आणि फुगतो. पंधरा इंचांत दीड मिलिमीटर म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही, पण कड फाटायला तेवढं पुरतं.

"मामा, भिंतीला कुठं रजिस्ट्रेशन असतंय?"

मामा हसले नाहीत. मीही नाही.

२३ मे

उरलेले कागद मामांच्या पोटमाळ्यावर दोऱ्यांना टांगले. दारं बंद, दोनशे वॅटचे दोन बल्ब, एक टेबलफॅन. मामांच्या घरच्यांनी विचारलं, अंडी घातलीत का. एक रात्र आणि एक दिवस. मग एकेक कागद खाली आणायचा, लगेच छापायचा, लगेच वर. सगळे बसले.

२५ मे

सातवा रंग. गाळ. सकाळी सात ते दुपारी एक, सगळ्या ओढी माझ्या. काही रेषा जाड, काही अर्ध्यात तुटलेल्या, एकीत वाळूचा कण अडकून मागे लांब ओरखडा आला. तो ठेवला. एक कागद सपशेल गेला, चमचा त्यावर पडला.

६० वजा ४, ६, १२, १. राहिले ३७.

२९ मे

मामांचं म्हणणं, पाऊस उघडला की आणखी आठ-दहा मारून चाळीस पुरे करू. स्क्रीन आहेत, गाळ थोडा आहे.

कागदाची ती थप्पी संपलीय, गेरूचं मिश्रण पुन्हा तस्संच जमेल याची खात्री नाही. पण खरं कारण तेही नाही. नंबर अजून घातलेले नाहीत. आकडा खाली आणता येतो, एकदा लिहिला की वर नेता येत नाही. आवृत्ती ३२ ची. चित्रकाराचे तीन, छपाईकाराचे दोन. नऊ जणांना कळवलं. आठांनी 'बरं' म्हटलं. नवव्या गृहस्थांनी आता १/३२ मिळेल का विचारलं.

४ जून

सह्या. २बी पेन्सिल. शाईनं करत नाही, शाई उडते, पेन्सिल उडत नाही. डावीकडे आकडा, मध्ये नाव, उजवीकडे सही. छाप टेबलावर उलटे पसरले आणि हाताला लागेल तो उचलून नंबर घातला. १/३२ ज्याला मिळाला त्यात वाळूच्या कणाचा ओरखडा आहे. त्या गृहस्थांना तोच जाईल.

वाया गेलेले तेवीस फाडले. सरकलेल्या बारांतले दोन-तीन फार सुंदर होते. तेही फाडले.

९ जून

सातही फ्रेम धुतल्या. ब्लीचिंगच्या पाण्यात इमल्शन, म्हणजे जाळीची भोकं बुजवणारा लेप, मऊ पडतं, ब्रश फिरवला की चित्र पापुद्र्यांनी सुटून मोरीत जातं. पहिल्या सहा जाळ्या लख्ख झाल्या. ४३टीच्या धाग्यांत काही कण अडकलेत, उजेडासमोर दिसतात. मामा म्हणाले, टी-शर्टला चालतंय. दुपारीच तिच्यावर नवं इमल्शन ओढलं. एका तालमीच्या मंडळाची ऑर्डर आहे.

१५ जून, रविवार

चित्रकाराच्या तिनांतला पहिला छाप फ्रेम करून मावशींना दिला. त्यांनी रेषेवर बोट फिरवायला काच आडवी आली, म्हणून जरा नाराज झाल्या. मग मुलाला स्टुलावर चढवलं. मला वाटलं कोनाड्याशेजारी लावतील. त्यांनी पार वर, तुळईला खिळा ठोकून घेतला, मान मागे टाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी.

"इतक्या वर, मावशी?"

"मग? खाली लावून पाण्यात घालू व्हय?"